परडी झाकून नेली तो उन्हाळा

टँकर मागं घेताना त्याच्यातून एक गाणं वाजतं. लहान पोरांच्या खेळण्यात असतं तसलं. या आठवड्यात ते पुन्हा ऐकू यायला लागलं आणि मला कळलं, यंदाही नळाचा भरवसा संपला. गल्लीत पाण्याची टिपाडं बाहेर आली. घरापुढं निळी, ओळीनं. कुणी त्यावर रंगानं नाव घातलंय, कुणी साखळीनं खांबाला बांधून ठेवलंय. मागच्या बाजूला बोअरची गाडी घरघरतेय. पाणी काही लागत नाही, खालून दगडाचा पांढरा भुगा तेवढा येतो आणि सगळीकडं बसतो. तुळशीवर, वाळत घातलेल्या लुगड्यावर, भाकरीच्या टोपल्यावरच्या फडक्यावर. तो भुगा जिभेला लागला की मला तो एक उन्हाळा आठवतो. आठवला की लाज वाटते. आता या वयात लाज वाटायला उरलंय काय असं म्हणतात बाया. उरलंय.

मी चौथीपर्यंत शिकलेली आहे. देवाबद्दल मोठं काही बोलायची माझी लायकी नाही. देवी कुणाच्या स्वप्नात येते, कुणाच्या अंगात येते, कुणाला वाट दाखवते. माझ्याशी ती एक शब्द बोलली नाही. तिनं मला एक टोपली दिली आणि पाच दारं सांगितली, बस. वाट म्हणायची तर तीच.

टोपली म्हणजे परडी. वेताची, उथळ, ताटाएवढी. तुळजापूरच्या आईच्या नावानं ज्या बाईच्या गळ्यात कवड्यांची माळ पडते, तिनं मंगळवारी आणि शुक्रवारी परडी घेऊन पाच घरी जोगवा मागायचा. पीठ, मीठ, जे वाढतील ते घ्यायचं. अनवाणी जायचं. घर मोठं का लहान बघायचं नाही, ओळखीचं का बिनओळखीचं बघायचं नाही. मिळेल ते शिजवून खायचं. घरात ज्वारीची पोती असली तरी मागायचं.

माझं लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं तेव्हा मी तापानं अंथरुणाला खिळले. सासूनं आईला नवस बोलून ठेवला, आणि मी उठल्यावर तिनं तो फेडला. माळ माझ्या गळ्यात आली, तिच्या हातातली परडी माझ्या हातात आली. मी विचारलं, "आत्या, आपल्या घरात पीठ असताना दुसऱ्याच्या दारात कशाला जायचं?"

ती मेंढरांना पाला टाकत होती. वर न बघता म्हणाली, "पिठासाठी नाय मागत बाई. मान खाली जावी म्हनून मागायचं."

मला हसू आलं. मेंढरामागं हिंडणाऱ्या बाईची मान आणखी किती खाली जायची?

सिल्लोडच्या पुढं, अजिंठ्याच्या डोंगराकडं आमचं गाव. तिथं जोगवा मागायला लाज वाटत नव्हती. मी गल्लीत शिरले की पोरं ओरडत पुढं पळायची, "जोगवीण आली, जोगवीण आली." बाया दारात सुपात पीठ घेऊन उभ्या असायच्या. एखाद्या घरी चुकून गेले नाही तर दुसऱ्या दिवशी विहिरीवर भांडण. "आमचं पीठ कडू हाय का गं?" तिथं मी मागत होते, पण मान वरच होती. सासूचं बोलणं मला गावात कधी कळलंच नाही. कळायला शहर लागलं.

शहरात आलो तोही एक दुष्काळच होता. मेंढरं विकली आणि आलो. नवरा बांधकामावर राखणदार. लोकांची घरं अर्धी उभी असायची, आम्ही त्यांच्या वाळूच्या ढिगाशेजारी पत्र्याच्या खोलीत. घर पुरं झालं की पत्रा उचलायचा आणि पुढच्या घराशी टाकायचा. असं करत करत बीड बायपासच्या पलीकडं आलो. तेव्हा इथं ज्वारीची धसकटं होती. त्या धसकटांवरच चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडलेले. त्यातल्या एका तुकड्यावर आमच्या दोन खोल्या उभ्या राहिल्या. नवरा त्यात फार दिवस राहिला नाही, पण स्वतःच्या दारात मेला. संतोष, माझा लेक, वाळूजला कंपनीत लागला. कायम नव्हता, ठेकेदाराकडून होता, पण अंगात कंपनीचा शर्ट होता आणि गल्लीच्या तोंडाशी त्याला न्यायला बस यायची. गल्लीत आम्ही 'कंपनीवाले' झालो. आणि मी कंपनीवाल्याची आई, हातात परडी घेऊन दारोदार.

त्या उन्हाळ्यात पाऊस आधीच्या वर्षाचा बुडालेला होता. कंपन्यांचं पाणी कापलं आणि संतोषची पाळी तुटली. आठवड्यातले काही दिवस बस यायची, काही दिवस नाही. तो शर्ट घालून ओट्यावर बसायचा आणि फोनकडं बघायचा. माझ्या सुनेनं, सुनंदानं, तेव्हा सांगितलं की तिला चिकलठाण्याकडं पाकिटं भरायचं काम मिळालंय. सकाळी कडक साडी नेसून, खांद्याला पर्स अडकवून जायची. संध्याकाळी यायची ती एका हातात पाण्याचा कॅन घेऊन. "आमच्या कंपनीत पाणी मोकळं हाय," म्हणायची. लेकाच्या कंपनीला पाणी नाही म्हणून लेक घरी बसलाय, आणि सुनेच्या कंपनीत पाणी वाटतात, यात काही वाकडं आहे हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. आलं नाही. पाणी दिसलं की माणूस पुढचं बघत नाही.

एका मंगळवारी मी जोगव्याला निघाले आणि टँकर आला. सगळ्या बाया बाहेर. शेजारची मंगल टिपाडावर पाय देऊन नळी धरून उभी होती. तिचा नवराही संतोषच्याच बसनं जाणारा. तिनं माझ्या परडीकडं बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "काय आत्या, लेक कंपनीत, सून कंपनीत, अन् तुमी दारोदार? का घरात वाढत नायत?"

बाया हसल्या. मीही हसले. सुनंदा हसली नाही. ती हांडा तसाच टाकून घरात गेली.

मी आत गेले तर ती भिंतीकडं तोंड करून उभी होती.

"आत्या, ती परडी आईला परत करा आता. तुळजापूरला नेऊन ठेवा."

"का गं? ती काय उसनी आणलीय?"

"लोक काय म्हनतेत ते ऐकलं ना? मला गल्लीतून मान वर करून जाता येत नाय."

"ती मंगल. तिचं तोंड कुणी धरलंय?"

"मंगलचं तोंड नाय धरता येत, तुमचे पाय तर धरता येतेत," ती म्हणाली आणि खरंच खाली बसली. "नका जाऊ या गल्लीत. मी पाया पडते."

संतोष ओट्यावर होता. त्याला सगळं ऐकू जात होतं. मी त्याच्याकडं बघितलं तर तो बुटाची नाडी बांधायला लागला. त्या दिवशी बस येणार नव्हती.

मी परडी परत केली असती तर निदान सरळ काम झालं असतं. पण आईचीही भीती आणि सुनेचीही भीती. मग मी मधली वाट काढली. बाजाराची मोठी पिशवी घेतली, तळाशी परडी आडवी ठेवली, वरून टॉवेल टाकला, कवड्यांची माळ पदराखाली सारली. सुनंदा कामावर गेली की मोठ्या रस्त्यावर यायचं, शेअर रिक्षात बसायचं आणि थेट सिडकोत उतरायचं. तिथं मला कुणी ओळखत नव्हतं. चप्पल काढून पिशवीत, परडी काढून हातात. अनवाणी जायचा नेम पाळायचा म्हणून मी रिक्षातून उतरल्यावर अनवाणी होत होते. मूठभर पिठासाठी रिक्षानं जाणारी जोगवीण आईनं तरी कधी बघितली असेल का?

रिक्षावाला रफिक नावाचा होता. तरणा, सारखा आरशात बघून केस नीट करणारा. दुसऱ्या का तिसऱ्या खेपेला त्यानं पिशवीकडं बघून विचारलं, "अम्मा, घाटी में कौन भरती है?"

घाटी म्हणजे सरकारी दवाखाना. पिशवी, टॉवेल, तोंड पाडून बसलेली म्हातारी. त्याला वाटलं, सिडकोत रिक्षा बदलून आजारी माणसाला डबा नेतेय. नाही म्हणायला तोंड उघडलं तर पुढं सगळंच सांगावं लागलं असतं. मी नुसती पिशवी मांडीवर घेतली.

उतरताना मी पैसे काढले तर त्यानं हात मागं घेतला. "नक्को अम्मा. बीमार के वास्ते जा रहे. दुवा करो बस."

मी ते घेतलं. त्यानंतरही घेत राहिले. खरं तर त्या उन्हाळ्यातला पहिला जोगवा दर खेपेला तोच घालत होता, आणि मी परडी झाकून ठेवली होती.

सिडकोतली घरं पक्की, फाटकं लोखंडी, झाडांना जाळ्या. पण त्या उन्हाळ्यात तिथंही दार वाजलं की माणूस दचकायचं. दार वाजलं म्हणजे कुणीतरी पाणी मागायला आलं. मी "आई राजा उदे उदे" म्हणायची आणि आतूनच आवाज यायचा, "पाणी नाही! पुढं बघा!" मी सांगायची, पाणी नको, जोगवा आहे. तोवर खिडकी लागलेली असायची. एका घरी तर एकानं जाळीतूनच हात हलवला, कुत्र्याला हाकलतात तसा. पायाखाली फरशी तापलेली. एक पाय उचलून दुसऱ्यावर ठेवायचा, मग तो उचलून पहिल्यावर. गावात माझ्यापुढं पळणारी पोरं आठवायची. तेव्हा मला सासूचं ते बोलणं थोडं थोडं कळायला लागलं. पण मान खाली जायला लागली की माणूस आणखीन ताठ होतं. मी मनात म्हणायची, तुम्हाला काय ठाऊक मी कोण आहे, माझा लेक कंपनीत आहे.

मग तो शुक्रवार. तीन दारं उघडली नाहीत. चौथ्या दाराशी बोगनवेल होती, आणि आतून भांड्यांचा आवाज येत होता. घरात बाई आहे, उघडेल, असं वाटलं. मी आईचं नाव घेतलं. कडी निघाली आणि दारात सुनंदा.

पदर कमरेला खोचलेला. हाताला कोपरापर्यंत साबण. सकाळी घरून नेसून गेलेली साडी अंगावर नव्हती, दुसरीच कसलीतरी विटकी होती. माझं "उदे" अर्धंच राहिलं. ती माझ्या तोंडाकडं बघत नव्हती, परडीकडं बघत होती. मी तिच्या हाताकडं. फेसाचा एक थेंब तिच्या कोपरावरून उंबऱ्यावर पडला.

आतून आवाज आला, "कोण आहे गं? पाणी नाही म्हणून सांग."

"पानी नाय मागत बाई," सुनंदा म्हणाली. आवाज तिचाच होता पण घरात असा नसतो. "जोगवा हाय."

घरची बाई बाहेर आली. न्हायलेली होती, केसांना पंचा गुंडाळलेला. माणूस वाईट नव्हतं. हसली. "अगंबाई, किती वर्षांनी बघतेय परडी. कुठून आलात आजी?"

"लांबून," मी म्हणाले.

"बोलणं तुझ्याच बाजूचं वाटतं गं, सुनंदा. ओळखीच्या आहेत का?"

सुनंदा म्हणाली, "नाय बाई."

बाईनं माझ्याकडं बघितलं. मीही मान हलवली. नाही.

हातात परडी होती. आईची परडी हातात धरून मी माझ्या सुनेला ओळखत नाही म्हणाले. पुढं किती देवदर्शनं केली, किती उपास केले, पण ती हललेली मान काही मागं घेता येत नाही.

"तूच वाढ मग. गव्हाचं वाढ, भांडंभर घाल," बाई म्हणाली आणि केस झटकत आत गेली.

सुनंदानं हात धुतले. पीठ आणलं, वर मिठाचे खडे, हळदकुंकू. परडीत ओतताना तिनं चिमूटभरही सांडू दिलं नाही. मी परडी दोन्ही हातांनी धरली. मग ती रीतीप्रमाणं खाली वाकली आणि माझ्या पायावर डोकं ठेवलं. घरात ती सणावारी पाया पडते तेव्हा नुसतं बोट लावते. तिथं तिनं दोन्ही हात ठेवले. तिच्या ओल्या हातांचे ठसे माझ्या पायांवर उमटले. मी फाटकाशी पोचेपर्यंत उन्हानं ते वाळून गेले.

पुढच्या घरी गेले नाही. परतीच्या रिक्षात रफिकनं आरशातून विचारलं, "तबियत कैसी है मरीज की?" मी म्हणाले, "तशीच हाय बाबा." त्या दिवशीही त्यानं पैसे घेतले नाहीत.

संध्याकाळी सुनंदा आली. कडक साडी, पर्स, हातात पाण्याचा कॅन. मी त्या कॅनकडं बघितलं आणि तिनं माझं बघणं बघितलं.  तिनं पीठ मळलं, लाटलं. मी भाजलं. आमच्या घरात ज्वारीची भाकरी असायची, चपाती पाहुणा आला तर. संतोष ताटावर बसला आणि म्हणाला, "आज गव्हाची? कुठनं आली?"

मी तव्यावरची चपाती उलटली. सुनंदाच म्हणाली, "आत्यानं आनलंय. आईचं हाय. खावा गुमान."

तो खायला लागला. चपात्या मऊ होत्या. चांगल्या पिठाच्या होत्या. जोगव्याचं टाकायचं नसतं, म्हणून मी पाणी पिऊन पिऊन गिळलं.

मी रात्रंदिवस एकच गोष्ट चघळत होते. ती धुणंभांडी करते याचं मला काही वाटलं नाही. मी आयुष्यभर शेणमूत काढलंय, भांड्याची कसली लाज? मला लागलं ते वेगळंच. मला वाटत होतं, हिला माझी लाज वाटते. म्हातारी, अडाणी, गळ्यात कवड्या. पण तिची भीती ती नव्हती. घरात खरोखर भरपूर असताना सासू मागायला निघाली तर लोक हसतील आणि विसरतील. घरात खरोखर संपत आलं असताना निघाली, तर लोकांना खरं कळेल. मंगलचा टोमणा सुनंदाला झोंबला तो खोटा होता म्हणून नाही. जवळपास खरा होता म्हणून. आणि हे एवढं मला त्याच घरात राहून दिसलं नाही. मी रिक्षानं लांब गेले तेव्हा दिसलं.

आणखी एक गोष्ट. आईनं पाच दारं सांगितली होती. कोणती ते सांगितलं नव्हतं. निवडू नको, एवढंच सांगितलं होतं. मी निवडली. माझी इज्जत राहील अशी निवडली. तरी तिनं मला जिथं न्यायचं तिथं नेलंच. याला कुणी देवीची लीला म्हणेल. मी म्हणत नाही. शहर मोठं दिसतं, पण कामाला जाणारी बाई आणि मागायला जाणारी बाई एकाच दारात पोचतात, त्यात नवल नाही. पण मला त्या दारात उभं राहणं भाग होतं, हे मात्र खरं.

पुढच्या मंगळवारी सुनंदा कामावर निघाली. मी कोनाड्यात पिशवी शोधत होते. सापडेना.

"काय शोधता?"

"ती बाजाराची पिशवी गं."

"धुवायला टाकली," ती म्हणाली. पर्स खांद्याला लावली आणि गेली.

बाहेर दोरीवर बघितलं तर पिशवी खरंच वाळत होती. प्यायला पाणी मोजून घ्यायचे दिवस, अंघोळीच्या पाण्यात फरशी पुसायचे दिवस, आणि हिनं पिशवी धुतली होती. मी दोरीखाली उभी राहिले. पिशवीतून अजून थेंब पडत होते. मग आत आले, परडी काढली, कवड्यांची माळ पदराच्या वर घेतली, आणि गल्लीत उतरले. झाकायला काही नव्हतं.

पहिलं दार मंगलचं होतं. निवडायचं नाही म्हटल्यावर शेजारचं दारच पहिलं येतं.

तिनं दार उघडलं, परडी बघितली. "काय आत्या, सपलं वाटतं घरातलं पीठ?"

"नाय. हाय घरी."

"मंग?"

"तरीबी मागावं लागतं," मी म्हणाले. परडी पुढं केली. 

ती आत गेली. डब्याचं झाकण निघालं. मग वाटी डब्याच्या तळाला घासल्याचा आवाज आला. बायकांना तो आवाज ओळखू येतो. भरलेल्या डब्यातून पीठ घेताना आवाज होत नाही. ती बाहेर आली तेव्हा तिनं मुठीवर दुसरा हात झाकला होता. परडीत घातलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "एवढंच हाय. दळन टाकायचंय."

एवढं चार माणसांत बोलणारी बाई, आणि तिची मान खाली. तिच्या नवऱ्याचीही तीच बस, तीच तुटलेली पाळी. मी कधी विचारलं नव्हतं. तोंड मोठं म्हणून डबाही मोठा असेल असं धरून चालले होते. सुनंदाला कळलं होतं की नाही माहीत नाही. मला नव्हतं कळलं.

त्या दिवशी पाच घरचं पीठ एक झालं. कुणाची ज्वारी, कुणाचा गहू, कुणाची बाजरी. त्याची धड भाकरीही होईना, धड चपातीही होईना. कडा फुटत होत्या. मी जाड जाड थापून भाजल्या, त्यातल्या चार फडक्यात गुंडाळल्या आणि मंगलच्या दारात गेले.

"प्रसाद हाय," मी म्हणाले.

भाकरी म्हणून दिली असती तर तिनं घेतली नसती. भांडली असती. प्रसादाला नाही म्हणता येत नाही. तिनं दोन्ही हात पुढं केले, फडकं कपाळाला लावलं. मी पायरी उतरायच्या आत आतून पोरांचा गलका ऐकू आला.

मग तो उन्हाळाभर तेच चाललं. ज्या दारातून थोडं यायचं त्या दारात प्रसाद जास्त जायचा. मी हे काही ठरवलं नव्हतं. परडीतच दिसायचं कुणाची मूठ किती. आपल्यापेक्षा सुनेला जास्त कळतं हेही कळलं, कारण ती काही न बोलता पीठ मळताना त्यात घरचं मिसळायची. लोकांना वाटायचं, म्हातारी देवीचं करते. मी करत होते ते एवढंच की दारात जात होते. बाकीचं त्या रीतीतच होतं. ज्यानं कुणी ती रीत पाडली त्याला माहीत असणार की माणूस उपाशी राहील पण मागणार नाही. म्हणून एकीला मागायला लावलं, बाकीच्यांना वाढायला लावलं, आणि सगळ्यांनी खायचं.

रफिकची गाठ एकदा मोठ्या रस्त्यावर पडली. या खेपेला परडी उघडी होती. तो हसायला लागला. "तो वो बीमार कौन था, अम्मा?"

"मीच," म्हणाले. त्याला पैसे द्यायला गेले तर ते त्यानं तेव्हाही घेतले नाहीत. प्रसादाची भाकरी मात्र घेतली आणि रिक्षातच खाल्ली.

सुनंदानं संतोषला कधी सांगितलं, मला ठाऊक नाही. एक दिवस सकाळी तो तिला मोटारसायकलवर बसवून सोडायला गेला. विटकी साडी पर्समध्ये नव्हती, अंगावरच होती. ती दोघं वळेपर्यंत मी ओट्यावर उभी होते. त्या दाराबद्दल मी आणि सुनंदा आजवर बोललो नाही. बोलून काय करायचं? तीही नाय म्हणाली, मीही मान हलवली.

समाधान कशाला म्हणतात हे मला नीट सांगता येणार नाही. लोकांना वाटतं, देवाच्या वाटेनं गेलं की लाज, भीती सगळी गळून पडते. माझी गळली नाही. अजूनही दार वाजवण्याआधी माळ दोनदा चाचपते. फरक एवढाच की आता मी भीतीला विचारून पाय उचलत नाही. मंगळवार आला की निघते. परत आले की हातपाय धुते, आणि त्या रात्री झोप चांगली लागते. इतर रात्री गुडघे झोपू देत नाहीत.

आता गल्लीत अर्ध्या जागी उंच इमारती झाल्या. मंगलच्या घराच्या जागीही एक उभी राहिली. ती आता तिथंच वर राहते, तिसऱ्या मजल्यावर. खाली फाटक, फाटकावर खुर्ची टाकून राखणदार. एकेकाळी तशा खुर्चीवर माझा नवरा बसायचा, म्हणून मला त्या माणसाचा राग येत नाही.

आज शुक्रवार. टँकर गाणं वाजवत गल्लीतून मागं गेला. सुनंदानं खिळ्यावरची परडी काढली, बोअरचा भुगा पदरानं पुसला आणि माझ्या हातात दिली. तिचेही केस पांढरे व्हायला लागलेत. तोंड सरळ ठेवून म्हणाली, "आत्या, रिक्षा बोलवू का आज?"

दुष्काळ पडला की ती हे एकदा म्हणते. एकदाच. मला तेवढंच पुरतं. मी खाली बघितलं, माळ नीट केली आणि उतरले.

इमारतीच्या फाटकाशी राखणदारानं काठी आडवी केली. नवा होता. "आजी, कुणाकडं जायचंय?"

"मला काय म्हाईत?" मी म्हणाले. "तू दार उघड."